पाटी हिरवीच राहते

सोमवारी कालिंदीबाई बोलत नसत. एरवी पहाटेचा जप होऊन तुळशीला पाणी घातलं की त्यांचं मौन सुटायचं, पण सोमवारचं मौन माध्यान्हीपर्यंत. शंकराला बेल वाहून यायचं, नैवेद्य दाखवायचा, मगच तोंड उघडायचं. लग्न होऊन परळच्या भागीरथी चाळीत आल्या तेव्हापासूनचा हा नेम. माणसं गेली, बारशी झाली, चाळीचा जिना दोनदा पडता पडता राहिला, पण सोमवारी त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही.

त्या सोमवारी देवळातून परतताना त्या शेजारच्या बांधकामाच्या गेटापाशी थबकल्या. गेटावर एक काळी पाटी होती आणि तिच्यावर दिव्यांचा आकडा. हवेत धूळ किती ते सांगणारा. शंभराच्या आत असला की आकडा हिरवा, त्याच्या वर गेला की केशरी आणि आणखी चढला की लाल. दिवसभर लाल राहिला तर काम थांबवायचं, असा नियम. कालिंदीबाईंना हे पाठ होतं, कारण ती पाटी त्यांच्याच तक्रारीवर लागली होती. लागल्यापासून पाटी हिरवीच. समोर लाद्या कापायची यंत्रं कोकलतायत, राबिटाचे, तोडलेल्या विटामातीचे, ट्रक उघडेच धावतायत, धुण्यावर राखाडी थर बसतोय, आणि पाटी मात्र अशी हिरवीगार की जणू आंबोलीच्या घाटात लावलीय.

आज ती लाल होती. मागच्या सोमवारीही लाल होती.

त्यांनी गेटावरच्या रामजीला हाताने खूण केली. वर बघ, पाटीकडे बघ.

"काय आजी? पाणी पायजे?" रामजी म्हणाला. मग त्याने वर बघितलं. "हां, लाल झाली. होते कधी कधी. मशीनच आहे, त्याला पण मूड असतो."

कोणाला तरी बोलावून दाखवायला हवं होतं. पण बोलवायचं कसं? तशाच त्या घरी आल्या. नैवेद्य दाखवला, पहिला शब्द देवाचा उच्चारला आणि दुसरा नवऱ्याला. "अहो, चला लवकर, पाटी लाल झालीय." लवू राऊळ खुर्चीतून उठले, दम्याच्या पंपाचे दोन झुरके ओढले, भिंतीला धरत गॅलरीच्या टोकापर्यंत आले. तिथून गेट दिसत असे.

पाटी हिरवी होती.

"तुका उपास बाधता," लवू म्हणाले आणि खोकत परत खुर्चीत जाऊन बसले.

लवूंच्या छातीत आधीच गिरणीतला कापूस होता. ती गिरणी गेली, तिच्या जागेवर आता हा टॉवर. डॉक्टर म्हणाले होते, दोनच वाटा आहेत. एक तर समोरची धूळ थांबली पाहिजे, नाहीतर यांना गावी न्या, ही छाती इथला दुसरा हिवाळा काढणार नाही. गावाचं नाव काढलं की लवू म्हणायचे, "गावाक आता माझ्यासाठी कोण आसा? घराक कुलूप आणि पडवीत वाळवी." राहता राहिली पहिली वाट. आणि ती पुढच्या सोमवारी बंद व्हायची होती. वॉर्डातले इंजिनियर विनीत साहेब शेवटचं बघायला येणार होते. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "आजी, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण आकडे तुमच्या बाजूने नाहीत. या वेळीही हिरवंच असेल तर मला तक्रार बंद करावी लागेल."

आकडे खोटे आहेत याबद्दल कालिंदीबाईंच्या मनात काडीचीही शंका नव्हती. खोटं कोण करतंय, एवढंच कळत नव्हतं.

आतापर्यंत त्यांचा संशय मयूरवर होता. मयूर हा कंपनीचा धुळीवर लक्ष ठेवणारा माणूस. डोक्यावर पांढरं हेल्मेट, बोलायला गोड. त्याच्याकडे पाण्याचे तुषार उडवणारी एक मोठी तोफ होती. ती तोफ तो जमिनीवर कमी आणि चाळीच्या गच्चीकडे जास्त वळवतो, असं कालिंदीबाईंनी मागच्या भेटीत साहेबांसमोर सांगितलं होतं. हळू आवाजात, पण सगळ्यांदेखत. धूळ मोजून पाटीला आकडा पाठवणारं मशीन चाळीच्या गच्चीवर होतं. कंपनीच्या आवारात ठेवलं तर ओल्या कोपऱ्यात ठेवतील, म्हणून चाळकऱ्यांनीच हट्टाने ते आपल्या गच्चीवर मागून घेतलं होतं.

मंगळवारी त्यांनी मयूरला गेटावर गाठला.

"दादा, सोमवारी सकाळी पाटी लाल कशी होते रे? आणि दुपारी हिरवी कशी?"

"काकू, हाच प्रश्न मला तुम्हाला विचारायचाय."

"मला?"

"दर सोमवारी सकाळी आकडा एकदम वर. बाकी आठवडा झोपलेला." मयूरने आवाज खाली आणला. "सोमवार कोणाचा असतो चाळीत? सगळे सांगतात. गच्चीवर धूप घालता का तुम्ही? ऊद वगैरे? मशीनच्या नाकाखाली?"

कालिंदीबाईंच्या कानशिलांत रक्त चढलं. "देवाचा धूप मी असल्या कामाला वापरीन? आणि माझे गुडघे पहिल्या जिन्यालाच बोंब मारतात. गच्चीवर मी कधी गेले ते मला आठवत नाही."

"साहेबांसमोर माझं नाव घेतलंत तेव्हा माझी नोकरी जाता जाता राहिली, माहितीय? तोफ दाखवलीत माझी. आता मी पण बघतोय. तुम्ही जात नसाल तर दुसरं कोणीतरी जातंय."

दुसरं कोणीतरी. घरी येईपर्यंत तो शब्द त्यांच्या पायांत घोटाळत राहिला. गच्चीच्या दाराला कुलूप होतं, आणि किल्ली वरच्या मजल्यावर जाईबाईच्या खुंटीला.

जाईबाई मुणगेकर. तीस-पस्तीस वर्षांचा शेजार. एकमेकींच्या बाळंतपणांत दोघींनी रात्री जागवल्या होत्या. मनात पाल चुकचुकली ती इथेच, आणि कालिंदीबाईंनी स्वतःच्याच गालावर चापटी मारून घेतली. शिव शिव. पण चुकचुकलेली पाल जात नाही. जाईबाईचा वैभव दिवाळीपासून याच बांधकामावर गोदामाचं बघत होता. आठ ठिकाणी अर्ज करून कुठे न लागलेला पोरगा, समोरच कसा लागला? तेव्हा जाईबाईने पेढे वाटले होते आणि कालिंदीबाईंनी देवापुढे एक ठेवलाही होता. आता त्या पेढ्याची चव त्यांना वेगळीच आठवू लागली.

बुधवारी जाईबाई नारळाच्या गोड रसातल्या खापरोळ्या घेऊन आली. "खावा गो गरम गरम. लवूदादांक रस जास्त घातलंय."

"ठेव तिथे," कालिंदीबाई म्हणाल्या. "जाई, सोमवारी सकाळी तू कुठे असतेस?"

"मी? खय असतलंय? धुणा धुतंय."

"गच्चीवर?"

"मगे काय रस्त्यार धुव?" जाईबाई हसली.

"वर कोणी येतं का? त्या मशीनपाशी?"

"कोण येतला? दोन कावळे आणि एक कबुतर, ताही लंगडा." मग ती जवळ वाकली, आणि कालिंदीबाईंच्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "मशीनाची काळजी तू करू नको. त्याच्यावर माझा लक्ष आसा."

हे ती ज्या समाधानाने म्हणाली, त्याने कालिंदीबाईंच्या अंगावर काटा आला.

लवूंनी खापरोळ्या खाल्ल्या. कालिंदीबाईंनी आपल्या वाटणीची बशी झाकून ठेवली आणि संध्याकाळी कावळ्यांना घातली.

"उपास कसलो आज?" लवूंनी विचारलं.

"आहे एक."

"जाईबायच्या हातचा टाकलंस? काय झाला?"

"काही नाही. पाणी कुठे मुरतंय ते बघतेय."

लवूंनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. बोलायला श्वास पुरेना तेव्हा नुसती मान हलवली.

शनिवारी गॅलरीतून त्यांना वैभव आणि मयूर दिसले. दोघे टपरीपाशी चहा पीत होते. मयूर काहीतरी म्हणाला, वैभव हसला आणि दोघांनी एकदमच मान वर करून चाळीच्या गच्चीकडे बघितलं. कालिंदीबाई दाराआड झाल्या. जपमाळ हातात होती, पण मणी पुढे सरकत नव्हता. ज्या बाईने माझ्या नवऱ्याला आयुष्यभर आठवणीने खाऊ घातलं, तीच त्याचा श्वास विकून बसली की काय? विचार असा उभा राहिला की त्यांना देवाच्या फोटोकडे बघवेना.

सोमवार उजाडला. साहेब दुपारी बाराच्या सुमारास येणार होते. बेल वाहून त्या आल्या तेव्हा पाटी हिरवी होती. घरात न शिरता त्या जिन्याच्या वळणावर उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने वरून किल्लीचा आवाज आला, बादलीच्या कडीचा आला, आणि जाईबाईच्या चपला गच्चीकडे गेल्या.

कालिंदीबाईंनी कठडा धरला. एका पायरीला शंकर, दुसऱ्या पायरीला शंकर, मध्येच गुडघ्याला शिवी द्यावीशी वाटली तर ती मौनाने आवरली. वर पोचल्या तेव्हा दार सताड उघडं होतं. टाकीच्या बाजूला लोखंडी खांबावर ते मशीन. जाईबाई स्टुलावर चढली होती. तिचे दोन्ही हात मशीनला भिडले होते, आणि ती त्याच्या अंगावरून काहीतरी ओढून काढत होती.

एक टोपडं. पांढऱ्या कापडाचं, खाली इलॅस्टिक लावलेलं, डब्याच्या मापाला नेमकं बसणारं. मिक्सरला घालतात तसं. चाळीच्या अंगणातून वर बघितलं तर पांढऱ्या डब्यावरचं हे पांढरं कापड जन्मात कोणाला दिसलं नसतं.

जाईबाईने मागे वळून बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. "अगो बाय! तू वर इलंस? गुडघे घेऊन? बोलू नको, बोलू नको, सोमवार तुझो. बस हय." ती स्टुलावरून उतरली आणि टोपडं पसरून दाखवू लागली. "बघ, कसा शिवलंय. तूच दिलेलंस ना लवूदादांचा जुना धोतर, पुसाक? म्हटलंय, पुसाक कित्याक? चौपदरी करून मशीनाक घालूया. माझ्या मिक्सराक आसा, फ्रीजाक आसा, शिलाई मशीनाक आसा. आणि ह्या बिचारा एवढा महाग, लवूदादांच्या श्वासासाठी इलेला, ता उघड्यार धुळीत उभा! खराब झाला तर परत कोण देतलो? दर सोमवारी धुतंय. सोमवारी मासे नसतत ना, हाताक वास नाय, म्हणान मशीनाक हात लावूक बरा वाटता. वाळला की परत घालतंय." तिने टोपड्याची समोरच्या अंगाची बाजू वर केली. ती पांढरी नव्हती. चुलीवरच्या पातेल्याचं बूड असतं तशी होती. "ह्या बघ! एका आठवड्याचा! मी नसतंय तर मशीनाचा काय झाला असता?"

कालिंदीबाईंचं मौन सुटलं. माध्यान्ह व्हायची होती, नैवेद्य व्हायचा होता.

"अगं जाई! त्याला धूळ खायलाच ठेवलंय गं!"

जाईबाईच्या तोंडचं हसू तसंच राहिलं. मशीन धूळ अडवत नाही, धूळ मोजतं, आणि झाकलेल्या मशीनला धुतलेल्या धोतरातून गाळून आलेली हवा मिळत होती, हे कालिंदीबाईंनी तिला दोन-तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा जाईबाई मटकन बादलीशेजारी बसली.

"म्हणजे पाटी हिरवी..."

"तुझ्यामुळे."

"आणि लवूदादा..." मग एकदम कालिंदीबाईंचा पदर धरून म्हणाली, "कोणाक सांगू नको. वैभवाक काढून टाकतीत. चाळ माका हसतली. दडव ता, दडव."

कालिंदीबाईंनी टोपडं घडी करून बेलाच्या पिशवीत टाकलं. खाली उतरताना त्यांना वाटलं, बरं झालं. मशीन आता उघडं आहे. साहेब येतील, लाल बघतील, काम थांबेल. सांगायची गरजच काय? आणि आज तर सोमवार. आपण बोललो नाही तर कोणाला नवल वाटणार नाही. नेमाच्या आड लपायची ही कल्पना त्यांना पहिल्यांदाच सुचली होती, आणि ती इतकी सोयीची होती की त्यांना तिचीच शंका आली.

साहेब आले तेव्हा गेटापाशी चाळीतली दहा-वीस माणसं जमली होती. लवूसुद्धा उतरले होते, तोंडावर रुमाल धरून. पाटी लाल होती.

"झालं?" कोणीतरी ओरडलं. "आता बघा साहेब, आमचं खरं की नाही!"

विनीत साहेब पाटीकडे बघत काही बोलायच्या आत मयूर पुढे झाला. त्याने फोनवर आलेख उघडला होता.

"सर, एक मिनिट. इतके आठवडे हिरवं, आणि दर सोमवारी सकाळी लाल. आज तुम्ही येणार, आजही लाल. हे कोणीतरी करतंय. गच्चीवर जाऊन मशीनशी खेळतंय."

साहेबांनी आलेख बघितला. त्यांचा चेहरा बदलला. "गच्चीची किल्ली कोणाकडे असते?"

"जाईबाईकडे," दोघातिघांनी एकदम सांगितलं. वैभव गोदामाच्या दारात येऊन उभा होता. त्याने आईकडे बघितलं आणि आईने जमिनीकडे.

"हे बघा," साहेब म्हणाले, "रहिवाशांनीच आकडा चढवला असेल तर ही तक्रार मला पुढे नेता येणार नाही. मशीनही काढून न्यावं लागेल. कोणाला काही सांगायचंय?"

"काकूंना विचारा ना सर," मयूर म्हणाला. "पण त्या आज बोलणार नाहीत. सोमवार आहे."

माणसं हसली. लवूंना त्याच क्षणी खोकल्याची उबळ आली आणि ते गेटाला धरून खाली वाकले. ती उबळ थांबेना.

"बोलते," कालिंदीबाई म्हणाल्या.

हसणारी तोंडं त्यांच्याकडे वळली. त्यांनी पिशवीतून टोपडं काढलं, बेलाची दोन पानं त्याला चिकटली होती ती बाजूला केली, आणि जे होतं ते सांगितलं. कोणी शिवलं, कशासाठी शिवलं, सोमवारीच का धुतलं. आकडा कोणी चढवला नव्हता. चढलेलाच आकडा मायेने झाकला होता. आवाज त्यांचा नेहमीसारखाच खालचा, त्यामुळे ऐकायला माणसं पुढे सरकली.

"मशीनला टोपी घातली!" रामजी म्हणाला आणि हशा पिकला. जाईबाईने पदर तोंडावर घेतला.

विनीत साहेब हसले नाहीत. त्यांनी टोपडं उलटसुलट करून बघितलं, हवेत एकदा झटकलं. भुकटी उडाली ती मयूरच्या हेल्मेटवर आणि साहेबांच्या बुटांवर बसली.

"हे किती दिवसांचं?"

"एका आठवड्याचं," जाईबाई पदराआडून म्हणाली.

साहेबांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत भरलं. "आधीचे सगळे आकडे बाद. हिरवेही आणि लालही. तक्रार आजपासून नव्याने. मशीन तपासून घेतो, त्याला जाळी लावतो, गच्चीला दोन कुलपं. एक किल्ली चाळीकडे, एक माझ्याकडे."

"सर, आणि काम?" मयूरने विचारलं.

"कापणं आणि राबिट भरणं आजपासून बंद. मशीन उघडं ठेवून आकडे बघेन, मग ठरवेन. ट्रकवर ताडपत्री, इमारतीला चारी बाजूंनी कापड."

"सर, पण शेड्यूल..."

"मयूर, वर बघा." पाटीवरचा लाल आकडा त्या वेळीही चढतच होता.

माणसं पांगली तेव्हा कालिंदीबाई मयूरपाशी गेल्या आणि हात जोडले. "दादा, तुझ्यावर मी आळ घेतला. चुकले."

मयूर हेल्मेट पुसत होता. "मीही तुमच्या धुपाच्या मागे लागलोच होतो, काकू." मग इकडेतिकडे बघून पुटपुटला, "तोफ मात्र गच्चीकडे वळवली होती. एकदाच. वरून सांगितलं होतं म्हणून."

एकदाच. कालिंदीबाईंनी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं, पण त्यात काही वाचता येईना.

जिन्यात जाईबाई थांबली होती. कालिंदीबाईंना वाटलं, ही आता रागावेल, सगळ्यांसमोर नाव घेतलं म्हणून. पण तिने वेगळंच विचारलं.

"वैभवाक साहेब काय बोललो नाय. ता ऱ्हवांदे. तू माका एक सांग. गुडघे घेऊन तू वर कित्याक इलंस?"

कालिंदीबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"माझ्या मागसून इलंस. हाक नाय मारलंस."

"सोमवार होता."

"टाळी वाजवूक येता सोमवारी."

यावर खोटं बोलता आलं असतं. "संशय आला होता तुझा," कालिंदीबाई म्हणाल्या. "वाटलं, वैभवच्या नोकरीसाठी तू..."

जाईबाईने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. ती वर गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. चाळीत दिवसाचं दार लावायची पद्धत नव्हती.

दुपारनंतर समोरचा कोकलणारा आवाज थांबला. इतका एकाएकी की लवूंना आधी वाटलं, आपले कानच गेले. त्यांनी खुर्ची गॅलरीत ओढायला सांगितली आणि तिथे बसून राहिले. पंप मांडीवर होता, पण तोंडाला लावला नव्हता. बऱ्याच वेळाने म्हणाले, "जाईबाय आज येवक नाय?"

"नाही."

"टाकलेल्या खापरोळ्यो तिका दिसल्यो नसतील ना?"

"त्याहून वाईट झालंय."

लवूंनी सगळं ऐकून घेतलं. "मगे हय काय बसलंस?" ते म्हणाले. "माझ्या धोतराचा शिवला तिना. माझ्यासाठी. जा वर."

त्या दिवसात दुसऱ्यांदा कालिंदीबाईंनी कठडा धरला. जाईबाईचं दार बंदच होतं. त्यांनी कडी वाजवली, हाक मारली, उत्तर आलं नाही. आतून तेलाचा चुर्र आवाज येत होता, म्हणजे ती होती. त्या दाराबाहेरच्या पायरीवर बसल्या, गुडघे पोटाशी घेऊन. माळ आणली नव्हती. जपावं असंही काही वाटत नव्हतं.

"जाई, मी बसलेय इथे."

तेल चुरचुरत राहिलं.

"उठणार नाही मी."

"उठूक येवचाच नाय तुका," आतून आवाज आला. "गुडघ्याक मी दिलेला तेल लावलंस? की ताही माझ्यावर संशय घेऊन सोडलंस?"

कालिंदीबाईंनी डोळे पुसले. "नाही लावलं."

तेलाची चुरचुर थांबली. मग आत भांडं उतरल्याचा आवाज झाला, आणि कडी निघाली.